हेडर-फ्रीफ्लो बसवलं आणि गाडी टकटक करून राहिली, स्लोवर झोके घेऊन राहिली? कुठून पाहायचं ते सांगतो

राजेहो, आधीच सांगून ठेवतो, मी काही इंजिनिअर नाही. हिंगणघाटपासून आत आमचं गाव, घरी कापूस-सोयाबीन, आणि गोठ्याच्या बाजूला पत्र्याचं एक शेड आहे जिथं मोटरपंपापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं मी खोलत असतो, आणि बऱ्याचदा ते परत जोडल्याही जाते. त्याच शेडात माझी २००७ ची अल्टो उभी असते, ७९६ सीसी, तीन सिलेंडर, सेकंडहँड घेतलेली. कंपनीनं गावात भाजी आणायला बनवलेल्या या गाडीला मी नागपूरहून हेडर आणलं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या कंपनीच्या नळ्यांच्या जागी बसते ते), मागं धूर कमी अडवणारा फ्रीफ्लो सायलेन्सर वेल्डिंग करून घेतला, एअर फिल्टरचा डबा काढून तिथं उघडा कोन फिल्टर लावला आणि एका गॅरेजमधून सगळं फिट करून घेतलं.

पहिल्या दिवशी मजा आली. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी गाडी चालू केली तं बोनेटखालून टक-टक-टक, आणि स्लोवर, म्हणजे रेस न देता, सोडली की आरपीएमचा काटा हजारावरून अठराशेवर, तिथून खाली, परत वर, जशी काही गाडी श्वास घेऊन राहिली. फाटकावर उभं राहिलं की कधी बंदच पडायची. गॅरेजवाल्यानं सांगितलं प्लग बदला, बदलले. मग सांगितलं धुरातला ऑक्सिजन पाहणारा ऑक्सिजन सेन्सर गेला, तोही टाकला. मग स्लोची (त्यालाच आयडल म्हणतात) हवा सांभाळणारा आयडल व्हॉल्व्ह. सात-आठ हजार असेच गेले आणि गाडी जशीच्या तशी. शेवटी आमच्या बाजूच्या गावातले एक म्हातारे मिस्त्रीकाका आले, बिडी पेटवली, बोनेट उघडलं आणि पाना हातात न घेता म्हणाले, "भाऊ, काल चांगली होती ना? मंग काल जिथं पाना लागला तिथंच पाह्य. बाकीची गाडी कायले खोलतं?"

पुढं जे काही लिहून राहिलो ते सगळं या एका वाक्यावरच उभं आहे. माझ्या गाडीत तीन दोष निघाले, तिन्ही हात लागलेल्या जागी होते आणि तिन्ही मिळून शंभर-दीडशे रुपयाचे.

पाना हातात घेण्याआधी कागद-पेन घ्या

काय काय बदललं ते लिहून काढा. हेडर, सायलेन्सर, फिल्टर एवढंच लिहून थांबू नका, ते बसवायला काय काय हलवलं तेही लिहा. हेडर बसवायचं तर हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा, निघते, ऑक्सिजन सेन्सर निघतो, कधी अर्थिंगची पट्टी निघते, डिपस्टिकच्या नळीचा बोल्ट निघतो. फिल्टरचा डबा काढायचा तर त्याला जोडलेले दोन-तीन पाईप निघतात, तापमानाचा सेन्सर निघतो. गॅरेजमधून केलं असेल तं पोट्ट्याला चहा पाजा आणि प्रेमानं विचारा, भांडायला गेले तं तो काहीच सांगणार नाही.

मग लक्षण लिहा. आवाज थंड्या गाडीत येतो की गरम झाल्यावर, स्लोवर येतो की चढावर जोर लागला की, रेस दिल्यावर वाढतो की नाहीसा होतो, एसी लावल्यावर काय होते. मोबाईलवर सकाळची पहिली स्टार्ट रेकॉर्ड करून ठेवा कारण मिस्त्रीकडे न्याल तेव्हा गाडी गरम झालेली असते आणि आवाज बेपत्ता, मग तो म्हणतो तुमच्या कानात वाजते.

आणि बाबांनो, तीन गोष्टी एकाच दिवशी बसवू नका. मी बसवल्या म्हणूनच कोणती बोंबलून राहिली ते समजायला दोन महिने लागले. बसवल्याच असतील तं जी सगळ्यात सोपी आहे ती परत जुनी करून पाहा, म्हणजे कोन फिल्टर काढून कंपनीचा डबा लावा. दहा मिनिटाचं काम आहे. त्यानं आयडल सुधारलं तं अर्धा प्रश्न तिथंच सुटला. म्हणूनच जुने पार्ट भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा.

सुरक्षेचं दोन ओळीत. शेडाचं दार उघडं ठेवा, सायलेन्सरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही आणि वासही येत नाही. गळ्यातला दुपट्टा काढून खुंटीला टांगा, पंख्यात आणि पट्ट्यात अडकायला तोच पहिला जातो. आणि गाडीखाली जायचं तं नुसत्या जॅकवर नाही आणि विटेवर तं अजिबात नाही, वीट दबून एका क्षणात फुटते. स्टँड नसेल तं लाकडाचे जाड ओंडके लावा.

टकटक कशाची ते ओळखा

हेडर बसवल्यावर टकटक आली की दहापैकी नऊ जण म्हणतात टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व्ह दाबणारे भाग) वाजून राहिले. असतीलही, पण हेडर बसवताना टॅपेटला कोणी हात लावला होता का? नाही ना.

गंमत अशी की इंजिन आणि हेडरच्या जोडातल्या पॅकिंगमधून निघणारा धूर आणि टॅपेट यांची चाल एकच असते. फोर स्ट्रोक इंजिनात एक सिलेंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा धूर सोडतो आणि टॅपेटही दोन फेऱ्यांत एकदाच वाजतो. ९०० आरपीएमला म्हणजे मिनिटाला ४५०, सेकंदाला साडेसात टकटक. म्हणून ताल ऐकून दोघांतला फरक करता येत नाही, भलेभले मिस्त्री इथंच फसतात. याच्या दुप्पट चालीनं, म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेरीला खालून जड ठोका येत असेल तं ते प्रकरण वेगळं, त्याचं पुढं सांगतो.

फरक करायचा सोपा मार्ग: पॅकिंग लीक असेल तं आवाज थंड्या गाडीत जास्त आणि लोखंड तापून फुगलं की कमी होते, बऱ्याचदा पाच-सात मिनिटात बंदच. जोर लागला की वाढते. टॅपेटचा आवाज जोरानं फारसा बदलत नाही. याच्यापेक्षा पक्की परीक्षा म्हणजे स्लोवर गाडी चालू ठेवून एकेका इंजेक्टरचं (सिलेंडरला पेट्रोल फवारतो तो) कनेक्टर काढायचं. ज्या सिलेंडरचं पॅकिंग लीक आहे त्याचं कनेक्टर काढलं की तिथं स्फोटच होत नाही, दाब पडतो, टकटक लगेच मरते किंवा एकदम मंद होते. टॅपेट असेल तं तो वाजतच राहतो कारण त्याला हलवणारा कॅम फिरूनच राहिला. प्लगची वायर काढून ही परीक्षा करू नका, एक तं झटका बसतो आणि दुसरं न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाईनीत धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळते. कनेक्टर काढल्यानं चेक इंजिनचा दिवा लागेल, घाबरू नका, पण एकावेळी पाच-दहा सेकंदच ठेवा.

ऐकायला लांब पेचकस घ्या, मूठ कानाच्या मागच्या हाडाला टेकवा आणि टोक एकेका जागी ठेवा. पंख्यापासून दूर. धूर लीक होत असेल तं पेचकसापेक्षा रबरी नळी बरी, पेट्रोल काढायची असते तशी मीटरभर नळी, एक टोक कानाजवळ आणि दुसरं जोडाजोडानं फिरवायचं, तापलेल्या हेडरला टेकवायचं नाही. जिथं लीक आहे तिथं फुसफुस एकदम कानात मारते.

दिवसाउजेडी जोडावर काळा काजळीचा पट्टा दिसतो का तेही पाहा. माझ्या गाडीत दुसऱ्या सिलेंडरच्या खालच्या बाजूला बोटभर काळं होतं, मी दोन महिने ते ग्रीस समजत होतो.

काजळी दिसली नाही तं साबणाचं पाणी. गाडी पूर्ण थंडी, इंजिन बंद. घरी धूळ उडवायचा ब्लोअर असेल तं त्याचं तोंड सायलेन्सरच्या मागच्या नळीत कापडानं घट्ट बसवा आणि चालू करा, मग पुढं येऊन प्रत्येक जोडावर, वेल्डिंगवर, सेन्सरच्या आट्यावर साबणाचं पाणी मारा. जिथं फेस उठला तिथं लीक. पाणी मारायला फवारणीचा पंप घेऊ नका हो, कितीही धुतला तरी त्यात औषधाचा अंश राहते आणि तुमचं तोंड नेमकं तिथंच असते. साधी स्प्रेची बाटली वीस-तीस रुपयाला मिळते.

लीक सापडला, आता बुजवायचा कसा

इथं घाई नको कारण लोक इथंच अजून बिघडवतात. पहिली चूक म्हणजे नट आवळत सुटणे. हेडर स्वस्तातलं असेल तं त्याची फ्लँज, म्हणजे इंजिनला टेकणारी जाड पट्टी, वेल्डिंगच्या उष्णतेनं वाकलेली असते, केळासारखी. ती आवळून सरळ होत नाही, नट ज्यावर बसतो तो स्टड मात्र तुटतो, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधला तुटलेला स्टड काढणं म्हणजे नागपूरची एक चक्कर आणि खर्च वेगळा. हेडर काढा, फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी ठेवा आणि मागून मोबाईलचा टॉर्च मारा. पट्टीखालून उजेड दिसला तं लेथवाल्याकडून फ्लँज घासून सपाट करून घ्या.

दुसरी चूक जुनं पॅकिंग परत लावणे. माझ्या गाडीत तेच होतं, वरून दोन पॅकिंग एकावर एक लावलेले. एकदा दबलेलं पॅकिंग परत फुगत नाही. नवं टाका, एकच टाका, आणि पाहा की पॅकिंगचं भोक हेडच्या भोकाशी जुळते का, कधी कधी पॅकिंगची कडाच धुराच्या रस्त्यात येते.

तिसरी चूक म्हणजे भसाभसा सिलिकॉन. साधा आरटीव्ही सिलिकॉन एक्झॉस्टच्या जोडावर टिकत नाही, जळून जातो, आणि ऑक्सिजन सेन्सरच्या आधी लावला तं त्याच्या वाफेनं सेन्सर मरतो. लावायचंच असेल तं डब्यावर सेन्सर-सेफ लिहिलेलं आणि एक्झॉस्टच्या तापमानाचं घ्या. मी म्हणतो लावूच नका, फ्लँज सपाट असली तं गरज पडत नाही.

नट आवळताना मधून सुरू करून बाहेर जायचं, दोन-तीन फेऱ्यांत थोडं थोडं. ८ एमएमच्या स्टडला साधारण २० ते २५ न्यूटन मीटर पुरते. टॉर्क पाना नसेल तं छोटा रिंग पाना घ्या आणि मनगटानं आवळा, खांद्यानं नाही.

आणि एक गोष्ट राहिली, हीट शील्ड. पातळ पत्रा, हेडर बसवताना एक बोल्ट कुठंतरी पडला, मग तो पत्रा १५०० आरपीएमला खणखण करतो आणि माणूस समजतो इंजिन गेलं. लाकडी काठीनं पत्रा दाबून पाहा, आवाज बंद झाला तं बोल्ट आणि वायसर लावा, विषय संपला. सायलेन्सर क्रॉसमेंबरला किंवा हँडब्रेकच्या तारेला घासत असेल तं तोही असाच फसवतो.

सेन्सर खराब नाही, त्याला खोटं दिसून राहिलं

हे नीट समजून घ्या, याच्यात माझे सगळ्यात जास्त पैसे गेले. एक्झॉस्टमधला लीक फक्त धूर बाहेर सोडत नाही. धुराचा एक धक्का गेला की त्याच्या मागं क्षणभर ओढ तयार होते आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत येते. ही फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असली की सेन्सरला ताजी हवा लागते, तो ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, सांगतो की मिश्रण पातळ आहे (हवा जास्त, पेट्रोल कमी), ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवतो, प्लग काळे पडतात, मागून पेट्रोलचा वास येतो, अ‍ॅव्हरेज पडतो. मिस्त्री काळा प्लग पाहून म्हणतो सेन्सर गेला. नवा सेन्सर टाकला तं त्यालाही तीच खोटी हवा दिसते!

गाडी २०१३ नंतरची असेल तं ओबीडीचं, म्हणजे ईसीयूतली माहिती वाचायचं, छोटं ब्लूटूथ डबडं लावून मोबाईलवर फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवून किंवा कमी करून राहिलं तो आकडा. शॉर्ट आणि लाँग मिळून अधिक-उणे पाचच्या आत राहिले तं बेस. लाँग ट्रिम अधिक १० च्या वर गेला तं कुठंतरी हवा घुसते, खरी किंवा खोटी. आता स्लोवरचा आकडा आणि २५०० आरपीएमचा आकडा दोन्ही लिहा. स्लोवर जास्त आणि रेस दिल्यावर नॉर्मल होत असेल तं लीकचा संशय पक्का. रेस दिल्यावर वाढत असेल तं पेट्रोलचा दाब, फिल्टर, पंप तिकडं पाहा. कोड पी ०१७१ आला तं मिश्रण पातळ, पी ०३०० आला तं मिसिंग, म्हणजे सिलेंडरात पेट नीट घेत नाही, पी ०५०७ म्हणजे स्लो पाहिजे त्यापेक्षा जास्त. कोड हा पत्ता आहे, घर नाही, त्या कोडवर सरळ पार्ट विकत घेऊ नका. माझ्यासारख्या जुन्या मारुतीत असं स्वस्त डबडं बहुतेक बोलत नाही, तिथं कानावर आणि नळीवरच भागवा लागते.

हेडरमध्ये सेन्सरची जागा इंजिनपासून दूर गेली असेल तं सेन्सर तापायला वेळ घेतो, आणि तापल्याशिवाय तो काम करत नाही. त्याची वायर ताणलेली किंवा हेडरला टेकून वितळलेली नाही ना ते पाहा.

आता वरची बाजू: इंजिन हवा चोरून पिते का

झोके घेणे, ज्याला मिस्त्री हंटिंग म्हणतात, त्याचं मूळ बहुतेक इथं असते.

कंपनीच्या फिल्टर डब्याला फक्त एक मोठा पाईप नसतो. टॅपेट कव्हरवरून एक श्वासाचा पाईप तिथं येतो. दुसरीकडं पीसीव्ही व्हॉल्व्हचा (इंजिनच्या आतली वाफ परत ओढून घेतो तो) पाईप थेट मॅनिफोल्डला, म्हणजे सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांना, जातो. डबा काढताना हे पाईप ओढल्या जातात, जुनं रबर वाळलेलं असते, आपल्या इकडच्या ४५-४६ डिग्रीत दरवर्षी भाजून भाजून पापडासारखं झालेलं, आणि ते खालच्या बाजूनं चिरते. वरून पाहिलं तं अगदी शाबूत. माझा पीसीव्हीचा पाईप असाच वाकणाजवळ खालून फाटलेला होता.

आता झोके काहून येतात? अल्टोसारख्या गाडीत हवा मोजायला मॅनिफोल्डमधल्या दाबाचा सेन्सर असतो, त्याला मॅप सेन्सर म्हणतात. फाटलेल्या पाईपातून हवा आली की मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, ईसीयूला वाटते जास्त हवा आली म्हणजे जास्त पेट्रोल पाहिजे, ते देते, आणि आरपीएम चढतो. ईसीयू आयडल व्हॉल्व्ह बंद करत जाते पण हवा तं दुसऱ्याच भोकातून येऊन राहिली. काटा वर गेला, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, तं ईसीयू समजते गाडी उतारावर आहे आणि पेट्रोल तोडते. काटा पडला की परत पेट्रोल, परत चढला, परत तोडलं. म्हणून तो झोका घड्याळासारखा एका तालात असतो. तुमचा झोका असा तालात असेल तं प्लग बदलू नका, पाईप शोधा. ताल नसेल, कधीही झटका मारून राहिली, तं मिसिंगकडं किंवा वायरिंगकडं जा.

ज्या गाड्यांत हवेचं वजन मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर फिल्टरनंतर बसलेला असतो त्यांत उलटं होते, चोरून आलेली हवा मोजल्याच जात नाही, मिश्रण पातळ पडते आणि गाडी थरथर करून बंद पडते. त्या गाडीत तेल लावलेला कापडी कोन फिल्टर बसवला आणि तेल जास्त झालं तं ते तेल सेन्सरच्या तारेवर बसते, हे वेगळंच दुखणं.

लीक शोधायचा मार्ग. गाडी स्लोवर ठेवा आणि पाईप चिमट्यानं किंवा कापड गुंडाळून पकडीनं एक-एक करून दाबा. ज्याला दाबल्यावर झोका थांबला तो गुन्हेगार किंवा त्याच्या पुढं काहीतरी आहे. ब्रेक बूस्टरचा जाड पाईप विसरू नका, ब्रेक दाबल्यावर आयडल बदलून तसंच राहत असेल आणि पेडल कडक लागत असेल तं बूस्टर हवा घेऊन राहिला. मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर आणि थ्रॉटल बॉडीच्या (अ‍ॅक्सिलरेटरनं उघडणारी हवेची पाकळी असते तो भाग) बुडाशी साधं पाणी बारीक फवारा, फट असेल तं पाणी क्षणभर ती बुजवते आणि आवाज बदलतो. इंटरनेटवर सगळे कार्ब क्लीनर मारायला सांगतात, त्यानं जास्त लवकर समजते हे खरं, पण तापलेल्या हेडरवर त्याचा फवारा पडला तं भडका उडतो. आणि तुमचा हेडर आता हीट शील्डशिवाय असेल. पाणीच मारा.

व्हॅक्यूम गेज मिळालं तं उत्तम. ठीक इंजिनात स्लोवर काटा साधारण १७ ते २० इंच पाऱ्यावर स्थिर राहते, दर हजार फूट उंचीला एक इंच कमी धरा, म्हणजे चिखलदऱ्याला मोजाल तं तीन-साडेतीन इंच तसाच कमी येईल. काटा स्थिर पण खाली असेल तं लीक किंवा टायमिंग, एका तालात टचकन पडत असेल तं एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

कोन फिल्टरबद्दल माझं मत विचारलं नाही तरी सांगतो. आपल्या इकडं तो लावू नका. ऑक्टोबरात सोयाबीनचं थ्रेशर चालते, जिनिंगच्या रस्त्यानं हवेत रुई उडते, माझ्या फिल्टरवर पंधरा दिवसात अस्तर चढलं होतं, गोधडीच झाली होती. वर बोनेटखाली उघडा म्हणजे तो गरम हवा ओढतो. बाहेर ४५ डिग्री आणि बोनेटखाली ७५ धरली तं हवेची घनता आठ-नऊ टक्के कमी, म्हणजे पॉवरसाठी लावलेल्या फिल्टरनं पॉवरच खाल्ली. टॅपेट कव्हरचा श्वासाचा पाईप लोक तसाच उघडा सोडतात, त्यातून रस्त्याची काळी माती सरळ इंजिन ऑइलमध्ये जाते. निदान त्या पाईपाला छोटा फिल्टर तरी लावा. मी तं डबा परत लावला.

थ्रॉटल बॉडी, आणि तो एक स्क्रू

थ्रॉटल बॉडीत पाकळीच्या कडेला कार्बन बसतो, साफ करायला हरकत नाही, मऊ कापड आणि क्लीनर, इंजिन बंद. पण साफ केल्यावर स्लो वाढतो कारण ईसीयू कार्बनच्या हिशोबानं शिकलेलं असते. मग माणूस घाबरून पाकळीला टेकलेला स्क्रू फिरवतो. तो स्क्रू कंपनीनं बसवलेला असतो, त्याच्यावर रंगाची खूण असते, तो आयडलसाठी नाहीच. तो फिरवला की थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा शून्यच हलतो आणि मग ईसीयूला समजतच नाही की पाय काढला आहे.

याऐवजी बॅटरीची मायनस पट्टी दहा-पंधरा मिनिटं काढून ठेवा, परत लावा, एसी-लाइट बंद ठेवून गाडी चालू करा, अ‍ॅक्सिलरेटरला हात-पाय न लावता रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत चालू द्या. मग पाच मिनिटं एसी लावून. नंतर दहा-पंधरा किलोमीटर साधी चालवा. बहुतेक गाड्या एवढ्यात स्लो परत शिकतात. पण लीक बुजवण्याआधी हे करू नका, नाहीतर ते चुकीचंच शिकेल.

अर्थिंग

छोटी गोष्ट, पण माझा तिसरा दोष हाच होता. हेडर बसवताना इंजिन ते बॉडीची अर्थिंगची पट्टी सोडली होती आणि परत लावताना रंग लागलेल्या पत्र्यावर बोल्ट मारला होता. हेडलाइट लावला की स्लो पडायचा, हॉर्न दाबला की काटा हलायचा. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, लाइट-पंखा चालू ठेवून पाहा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तं अर्थिंग ढिली. सँडपेपरनं पत्रा चमकवा, आवळा, वरून थोडं ग्रीस. उंदरानं वायर खाल्ली का तेही बघून घ्या, गोठ्याजवळ गाडी उभी राहते त्यांना सांगायला नको.

पीयूसीची पावती वाचा

याचा कोणी विचारच करत नाही. पीयूसीचं मशीन तुमचा धूर मोजते, आकडे कागदावर छापून देते आणि आपण तो कागद घडी करून पाकिटात ठेवतो. सीओ जास्त आला तं मिश्रण जाड, पेट्रोल जास्त जाऊन राहिलं. सीओ कमी पण एचसी खूप जास्त तं कुठला तरी सिलेंडर मिसिंग मारतो किंवा मिश्रण इतकं पातळ आहे की पेट घेत नाही. दोन्ही जास्त तं जाड आणि मिसिंग दोन्ही. मॉडिफिकेशनच्या आधीची पावती जपली असेल तं तिच्याशी जुळवून पाहा. फक्त सायलेन्सरला लीक असताना मोजू नका, त्यात हवा मिसळून आकडे खोटे कमी दिसतात.

पावतीचं निघालं म्हणून सांगून ठेवतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ मध्ये विनापरवानगी बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे, आणि आवाज-धुराचं कलम १९० वेगळं, त्यात पहिल्या वेळी १०,००० पर्यंत. माझा फ्रीफ्लो मी त्यामुळंच उतरवला, शिवाय गल्लीतली आजी दुपारी झोपेतून उठून शिव्या द्यायची.

एवढं करूनही नाही सुधारली तर

मग आतलं पाहा. कॉम्प्रेशन मोजा, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, इंधन बंद करून. साधारण १२ ते १४ किलो यायला पाहिजे आणि सिलेंडरांत एक किलोपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तं त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, वाढला तं रिंग, नाही वाढला तं व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. टायमिंग बेल्ट याच कामात बदलला असेल तं एक दात इकडंतिकडं झाला का पाहा, त्यात गाडी चालू होते पण स्लोवर मरगळते आणि चढावर जीव टाकते.

टॅपेट खरंच वाजत असतील तं थंड्या इंजिनात मॅन्युअलच्या गेजनं सेट करा, आणि आवाज पार बंद करण्याच्या नादात घट्ट करू नका. घट्ट टॅपेट आवाज करत नाही, गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो.

थरथर जास्त वाटत असेल, आवाज नाही, तं इंजिन ज्यावर बसवलेलं असते ते फाउंडेशनचे रबर पाहा. हेडर आत घालायला इंजिन जॅकवर उचललं असेल तं जुना रबर तेव्हाच फाटतो. मदतनीसाला ब्रेक दाबून, हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमध्ये क्लच थोडा सोडायला सांगा आणि बाजूनं पाहा, इंजिन बोटभराहून जास्त उसळलं तं रबर गेला. समोर उभं राहून पाहू नका.

आणि तो जड ठोका. ताल दुप्पट, आवाज खालून, गाडी गरम झाल्यावर वाढतो, रेस देऊन सोडताना जास्त वाजतो, आणि त्या सिलेंडरचं इंजेक्टर काढल्यावर कमी होतो. ऑइल पातळी आधी पाहा, हेडरच्या कामात ऑइल फिल्टर किंवा डिपस्टिकची नळी ढिली राहून ऑइल निघून गेलेलं असू शकते. ऑइलचा दिवा लागत असेल किंवा ठोका असाच असेल तं तिथंच चावी बंद करा आणि ट्रॅक्टरनं ओढून न्या, "गावापर्यंत तं जाईल" म्हणून चालवू नका. बेअरिंगचं काम क्रँकच्या कामात बदलायला पाच किलोमीटर पुरतात.

माझ्या गाडीत तिथवर जायची वेळ आली नाही. नवं पॅकिंग, दीड फूट रबरी पाईप, अर्थिंगचा बोल्ट. काम झाल्यावर तीन वेळा पूर्ण गरम आणि पूर्ण थंडी होऊ दिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी थंड्या हेडरचे नट परत पाहिले, दोन पाव आट्यानं फिरले. हे परत आवळणं सोडू नका, पहिला लीक बहुतेक इथूनच परत येतो. जुने प्लग, जुना सेन्सर आणि जुना आयडल व्हॉल्व्ह, तिघंही चांगलेच होते, डब्यात भरून शेडातल्या फळीवर ठेवले आहेत, आणि मिस्त्रीकाका आले की दर वेळी तो डबा उघडून पाहतात.